फँटसी बेसबॉल लीगमधील संघांचे हंगामपूर्व मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या बारा मराठी मित्रांची एक फँटसी बेसबॉल लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधून त्यांच्या आकड्यांवर खेळायची स्पर्धा. ती रोटिसरी पद्धतीची (आकडेवारीच्या प्रत्येक विभागात संघांचा क्रम लावून गुण देणारी) आणि कीपर स्वरूपाची आहे; कीपर म्हणजे प्रत्येक संघाला गेल्या वर्षीचे काही खेळाडू ठरलेल्या किमतीला राखता येतात आणि उरलेले मार्चमधील ऑक्शनमध्ये घ्यावे लागतात. लीगचे कमिशनर दर वर्षी हंगामाआधी बाराही संघांचा आढावा लिहून सर्वांना पाठवतात. गेल्या वर्षी त्यांनी ज्या संघाला पहिले स्थान दिले तो नववा आला, आणि ज्याला दहावा ठरवले त्याने लीग जिंकली. २०२६ च्या हंगामासाठी हे काम नीट कसे करावे, अशी त्यांची विचारणा आहे.

मी अशा दोन लीगमध्ये अनेक वर्षे खेळत आलो आहे आणि त्यांतील एकीचे आढावे मीच लिहितो, त्यामुळे ही अडचण मला चांगली ठाऊक आहे. तुम्ही सोबत पाठवलेला गेल्या वर्षीचा आढावा वाचल्यावर चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसते. तुम्ही प्रत्येक संघातील पाच-सहा मोठी नावे घेतलीत, त्यांच्या आदल्या हंगामाचे आकडे दिलेत आणि नावांच्या वजनावरून क्रम लावलात. रोटिसरी लीगमध्ये संघाची ताकद स्वतंत्रपणे मोजता येत नाही. ती नेहमी उरलेल्या अकरा संघांच्या तुलनेत आणि दहा विभागांत वाटलेली असते. म्हणून आढाव्याची सुरुवात खेळाडूंपासून न करता गुणतक्त्यापासून करावी लागते.

पद्धत तुम्हाला माहीत आहे, पण पुढच्या हिशेबासाठी एकदा समोर ठेवतो. हिटरांचे पाच विभाग आहेत: धावा, होम रन, आरबीआय (बॅटरने आपल्या फटक्याने घडवलेल्या धावा), स्टील (चोरून पळत घेतलेले बेस) आणि मोजल्या जाणाऱ्या संधींमागे (अ‍ॅट-बॅट) हिटचे प्रमाण सांगणारे बॅटिंग अ‍ॅव्हरेज. पिचरांचेही (चेंडू टाकणाऱ्यांचेही) पाच आहेत: विजय, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणे), स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, म्हणजे अर्न्ड रन) आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट). प्रत्येक विभागात पहिल्या संघाला १२ आणि शेवटच्याला १ गुण मिळतो. म्हणजे कमाल गुण १२० आणि सरासरी संघाचे गुण ६५. डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी १९८० मध्ये न्यू यॉर्कमध्ये हा खेळ सुरू केला तेव्हा विभाग आठच होते. मॅनहॅटनमधील ज्या फ्रेंच उपाहारगृहात ही मंडळी जमत असत, त्याच्या नावावरून ‘रोटिसरी’ हा शब्द आला. ऑक्शनमधील २६० डॉलर आणि २३ खेळाडू ही तुमच्या लीगमधली संख्याही त्यांचीच परंपरा आहे. भारतातल्या फँटसी क्रिकेटमध्ये बहुतेकदा एका सामन्यापुरता संघ निवडला जातो. इथे मात्र मार्चअखेरीस बांधलेला संघ सप्टेंबरअखेरपर्यंत, १६२ सामन्यांच्या हंगामात, रोज चालवायचा असतो. आढावा लिहिताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

आता पहिले काम. गेल्या वर्षीचा अंतिम गुणतक्ता काढा आणि प्रत्येक विभागात तिसऱ्या व नवव्या स्थानाच्या संघांमध्ये किती अंतर होते ते पाहा. वरचे दोन आणि खालचे तीन संघ सोडून द्यावेत, कारण तिथे कोणी एखादा विभाग मुद्दाम सोडून दिलेला असतो किंवा कोणी एकाच विभागात वाहवत गेलेला असतो. समजा होम रनमध्ये तिसऱ्या संघाचे २९१ आणि नवव्याचे २५५ झाले. सहा स्थानांसाठी ३६ होम रन, म्हणजे एका गुणाला सुमारे सहा. समजा स्टीलमध्ये हेच आकडे १६२ आणि १३८ होते, तर एका गुणाला चार. हे दर हाती आले की दोन खेळाडूंची तुलना करण्याची भाषाच बदलते. तीस होम रन आणि दोन स्टील देणारा फर्स्ट बेसमन मोठा, की पंधरा होम रन आणि पंचवीस स्टील देणारा आउटफिल्डर मोठा, हा प्रश्न एरवी आवडीनिवडीचा ठरतो. वरच्या दरांनी पहिल्याकडे होम रनमध्ये अडीच गुण जास्त आहेत आणि दुसऱ्याकडे स्टीलमध्ये पावणेसहा. बाकीचे विभाग मोजायचे राहतातच, पण आता चर्चेला काही आधार आहे.

हे दर सरळ रेषेत चालत नाहीत आणि आढाव्यातली खरी जाण इथेच दिसते. एखाद्या संघाचे अंदाजित स्टील २०५ असतील आणि दुसऱ्या क्रमांकाचे १७०, तर पहिल्या संघाचे चौतीस स्टील गुणांच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत. १७१ स्टीलनेही त्याला तेच १२ गुण मिळाले असते. उलट १४६ ते १५४ या पट्ट्यात चार संघ दाटीवाटीने असतील, तर त्यांपैकी सर्वांत खालचाही नऊ स्टीलची भर घातली की तीन गुणांची उडी मारू शकतो. म्हणून मी प्रत्येक संघासमोर दोन गोष्टी नोंदवतो: त्याचे मूल्य कुठे साचून पडले आहे, आणि कुठे थोड्या भरीने जास्त गुण मिळू शकतात. साचलेले मूल्य वायाच जाते असे नाही. मे महिन्यात अदलाबदल करायची वेळ येते तेव्हा तेच भांडवल असते, पण ते वापरणारा मालक हवा. त्याविषयी पुढे लिहितो.

गेल्या वर्षीचे दर यंदा जसेच्या तसे लावण्याआधी बेसबॉलच्या नियमांत काय बदलले ते तपासावे. २०२३ मध्ये पिचरवर वेळेचे बंधन आले, बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि एका बॅटरसमोर पिचरला दोनदाच रबर (तो जिच्यावर पाय ठेवून चेंडू टाकतो ती पट्टी) सोडण्याची मुभा राहिली. २०२२ मध्ये मेजर लीग बेसबॉलच्या दोन्ही लीग मिळून २,४८६ स्टील झाले होते. २०२३ मध्ये ते ३,५०३ झाले, म्हणजे एका हिवाळ्यात चाळीस टक्के वाढ. त्या मार्चमध्ये ज्यांनी जुन्या दराने आढावे लिहिले त्यांचा स्टीलचा सगळा रकाना चुकला, आणि स्टीलसाठी महागात घेतलेला, माफक पण ‘खात्रीचे’ स्टील देणारा खेळाडू त्यांना फसवून गेला. २०२६ पासून चेंडू स्ट्राइक की बॉल याबद्दल यंत्राकडे दाद मागण्याची सोय येत आहे. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन दाद मिळतात. माझ्या मते याचा परिणाम स्टीलसारखा ठळक होणार नाही. तरीही स्ट्राइक झोनच्या कडेवर जगणारे पिचर आणि केवळ कडेचा चेंडू पंचाला स्ट्राइक वाटावा असा झेलण्याच्या कसबावर संघात टिकलेले कॅचर यांच्याबाबत मी यंदा थोडा हात आखडता घेईन.

दुसरे काम म्हणजे अंदाजपत्रक. स्टीमर, झिप्स, एटीसी यांसारख्या पद्धतींनी काढलेले खेळाडूंच्या कामगिरीचे अंदाज हंगामाआधी उपलब्ध होतात. त्यांपैकी कोणताही एक पवित्र मानू नका, दोन-तीन घेऊन त्यांची सरासरी काढा. प्रत्येक संघाचे १४ हिटर आणि ९ पिचर एका तक्त्यात मांडा आणि बेरीज करा. या टप्प्यावर बहुतेक नवख्या लेखकांच्या हातून एक चूक होते आणि ती तुमच्या तक्त्यातही आहे. बॅटिंग अ‍ॅव्हरेजची सरासरी काढायची नसते. एका हिटरचे ६०० अ‍ॅट-बॅटमध्ये ०.३०० आणि दुसऱ्याचे २०० अ‍ॅट-बॅटमध्ये ०.२२० असेल, तर साध्या सरासरीने उत्तर ०.२६० येते. प्रत्यक्षात दोघांचे हिट १८० आणि ४४, मिळून २२४. त्यांना ८०० ने भागले की ०.२८० येते. वीस पॉइंटांचा (०.०२०) हा फरक लीगमध्ये तळ आणि शिखर यांच्यातला फरक असू शकतो. ईआरएचेही तसेच आहे. १८० इनिंग टाकून ३.०० ईआरए राखणारा आणि ६० इनिंगमध्ये ६.०० देणारा असे दोन पिचर एकत्र आले तर संघाचा ईआरए ४.५० होत नाही. दोघांच्या मिळून १०० अर्न्ड रन आणि २४० इनिंग होतात, त्यामुळे उत्तर ३.७५ येते. हिट आणि अ‍ॅट-बॅट, अर्न्ड रन आणि इनिंग, तसेच वॉक आणि दिलेले हिट यांचे रकाने वेगळे ठेवा आणि भागाकार सर्वांत शेवटी करा.

अंदाजातील सर्वांत कच्चा दुवा म्हणजे खेळण्याचा वेळ. कौशल्याचे अंदाज ही गणिते बऱ्यापैकी जमवतात, पण कोण किती खेळेल हे ठरवणारी माहिती रोज बदलते. फ्लोरिडातील ग्रेपफ्रूट लीग आणि अ‍ॅरिझोनातील कॅक्टस लीग या हंगामपूर्व सराव सामन्यांच्या लीगमधून येणाऱ्या बातम्या मी आकड्यांसाठी वाचतच नाही. मार्चमध्ये एखाद्याने सहा होम रन मारले याला मी काडीची किंमत देत नाही. मी दोनच गोष्टी पाहतो: कोण कितव्या क्रमांकावर बॅटिंग करतो आहे आणि कोणता पिचर किती इनिंग टाकतो आहे. पहिल्या क्रमांकाचा बॅटर सातव्या क्रमांकावर गेला तर हंगामभरात त्याच्या वाट्याला येणाऱ्या संधी शंभरच्या आसपास घटू शकतात, आणि त्याबरोबर त्याच्या धावा आणि स्टीलही घसरतात.

दुखापतींचा हिशेब दोन अंगांनी करावा लागतो. एक, परतलेला खेळाडू आधीचाच आहे असे गृहीत धरू नये. रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरने २०२३ मध्ये ४१ होम रन आणि ७३ स्टील अशी अजोड कामगिरी केली. मे २०२४ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. २०२५ मध्ये परतल्यावर त्याने ९५ सामन्यांत २१ होम रन मारले, पण स्टील फक्त ९ केले. बॅट परत आली, पाय राखून वापरले गेले. त्याला ‘पहिल्या फेरीचा खेळाडू’ एवढेच म्हणून सोडून देणारा आढावा वाचकाची दिशाभूल करतो, कारण ज्या मालकाने त्याच्याकडून स्टीलची अपेक्षा धरली त्याचा तो विभाग मोकळाच राहिला. स्पेन्सर स्ट्रायडरचेही असेच झाले. २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट, पुढच्या वर्षी दोनच सामने, मग कोपराची शस्त्रक्रिया, आणि २०२५ मध्ये तो परतला तेव्हा चेंडूचा पूर्वीचा वेग नव्हता. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या लिगामेंटची) झालेल्या पिचरला मैदानावर यायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, आणि लय सापडायला त्याहून जास्त. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख खेळाडूच्या नावापुढे लिहूनच ठेवावी.

दुसरे अंग उलट्या चुकीचे आहे. एखादा स्टार खेळाडू ११० सामनेच खेळेल असा अंदाज असेल, तर उरलेल्या ५२ सामन्यांसाठी त्याच्या जागी शून्य लिहू नका. मालक त्याला जायबंदी यादीत टाकेल आणि दुसरा कोणीतरी खेळवेल. लीगमधल्या मोकळ्या खेळाडूंपैकी त्या जागेचा सर्वसाधारण हिटर दिवसाला किती देतो ते काढून ५२ सामन्यांपुरते मिळवा. ही भर टाकली की वरचेवर जायबंदी होणाऱ्या पण दर्जेदार खेळाडूंचे संघ तुमच्या तक्त्यात योग्य जागी येतात. तुम्ही दहावा ठरवलेला संघ जिंकला त्यामागे मला मुख्यतः हेच कारण दिसते. त्या मालकाकडे चार खेळाडू शंकास्पद होते, तुम्ही त्यांना अर्ध्या हंगामाचे मानलेत आणि उरलेला अर्धा रिकामा ठेवलात.

यंदा आणखी एक गोष्ट आहे. मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आहे. २०२३ च्या स्पर्धेत पोर्टो रिकोने डॉमिनिकन रिपब्लिकला हरवल्यावर मैदानावरच्या जल्लोषात पिचर एडविन डियाझच्या गुडघ्याचा टेंडन फाटला आणि त्याचा सबंध हंगाम गेला. त्याच स्पर्धेत चेंडू लागून होसे आल्तुवेचा अंगठा मोडला आणि तो मे महिन्यापर्यंत बाहेर राहिला. २०२२ मध्ये डियाझने ३२ सेव्ह केले होते आणि ६२ इनिंगमध्ये ११८ स्ट्राइकआउट घेतले होते. त्याला राखून ठेवणाऱ्या मालकाची पिचिंगची बांधणी एका संध्याकाळी कोसळली. म्हणून तुमचा अंतिम आढावा ही स्पर्धा संपल्यानंतरच पाठवा.

पिचिंगबद्दल माझे मत ठाम आहे. विजय हा विभाग आढाव्यात सर्वांत कमी बोलण्याचा आहे. २०१८ मध्ये जेकब डिग्रॉमचा ईआरए १.७० होता आणि त्याच्या नावावर १० विजय, ९ पराभव होते. २०२५ मध्ये पॉल स्कीन्सने १.९७ ईआरए आणि २१६ स्ट्राइकआउट घेतले आणि १० विजय व १० पराभव पदरात पाडून घेतले. दोघांनाही त्या-त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, तरी फँटसी संघाला विजयांच्या रकान्यात फारसे काही मिळाले नाही, कारण त्यांच्या संघांच्या हिटरांनी धावाच केल्या नाहीत. त्यामुळे संघाचे पिचिंग तोलताना इनिंग, स्ट्राइकआउट आणि व्हिप आधी पाहावेत. विजयांचा अंदाज एकूण इनिंग आणि पिचरच्या मूळ संघाची बॅटिंग यांवरून ढोबळमानाने काढावा आणि त्यात तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत कोणीही कुठेही येऊ शकतो असे मोकळेपणाने लिहावे.

सेव्हचे तसे नाही. तिथे कौशल्यापेक्षा नेमणूक महत्त्वाची असते. मी क्लोजरांचे, म्हणजे आघाडी राखून सामना संपवण्यासाठी नेमलेल्या पिचरांचे, तीन गट करतो. पहिल्या गटात ते, ज्यांनी दोन-चार सामने घालवले तरी मॅनेजर त्यांना हलवणार नाही. दुसऱ्या गटात ते, ज्यांच्या मागे तोडीचा पिचर उभा आहे. तिसऱ्या गटात ते, ज्यांना दुसरा कोणी नसल्यामुळे काम मिळाले आहे. तिसऱ्या गटातील दोन क्लोजर घेऊन ‘सेव्हची सोय झाली’ असे मानणाऱ्या मालकाच्या सेव्हमध्ये मी अंदाजपत्रकातील आकड्यापेक्षा सरळ एक तृतीयांश कपात करतो. हा माझ्या अनुभवातून आलेला अंदाज आहे, नियम नव्हे. पण तो वापरायला लागल्यापासून सेव्हच्या रकान्यातील माझी चूक स्पष्टपणे कमी झाली आहे.

विलक्षण हंगामांबद्दलही सावध राहावे लागते. कॅचर कॅल रॉलीने २०२४ मध्ये ३४ होम रन मारले होते, २०२५ मध्ये ६०. हुआन सोटोने त्याआधी एकाही हंगामात १२ पेक्षा जास्त स्टील केले नव्हते, २०२५ मध्ये त्याने ३८ केले. एली डे ला क्रूझ उलट्या दिशेने गेला: ६७ वरून ३७. यांपैकी प्रत्येकाबद्दल आढाव्यात एक स्पष्ट आकडा लिहिला पाहिजे आणि तो का निवडला हेही सांगितले पाहिजे. रॉलीसाठी मी चाळीसच्या थोडा वर थांबेन. कॅचरच्या जागेवर तेवढेही पुष्कळ आहेत, कारण त्या जागेवरून इतर बहुतेक मालकांना त्याच्या निम्मेही होम रन मिळत नाहीत. सोटोबाबत मी स्टील विसाच्या आसपास धरेन. तो वेगवान खेळाडू नाही, त्याने पिचरांच्या सवयी पाहून बेस घेतले, आणि पिचर सवयी बदलू शकतात. शोहेई ओतानीचे उदाहरणही जवळचे आहे. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये तो फक्त हिटर होता, तेव्हा त्याने ५४ होम रन आणि ५९ स्टील केले. २०२५ मध्ये तो पुन्हा पिचिंग करू लागला आणि ५५ होम रनबरोबर स्टील २० राहिले. ताकद कमी झाली नव्हती, काम वाढले होते. शिवाय तुमच्या लीगमध्ये ओतानी एक खेळाडू मानला जातो की हिटर आणि पिचर असे दोन, हे आढाव्याच्या सुरुवातीलाच नमूद करा, नाहीतर त्याच्या संघाचे सगळे गणित वाचकाला कळणार नाही.

मैदानांचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेचा फायदा हिटरांना मिळतो, हे सर्वांना माहीत असते, त्यामुळे ऑक्शनमध्ये त्याची किंमत आधीच वसूल झालेली असते. मैदान नुकतेच बदललेल्या संघांकडे लक्ष दिलेले बरे. अ‍ॅथलेटिक्स हा संघ २०२५ पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर खेळत आहे. रेज संघाने वादळात छप्पर उडाल्यामुळे २०२५ चा हंगाम टँपाच्या उघड्या मैदानावर काढला आणि आता तो आपल्या जुन्या, बंदिस्त मैदानावर परततो आहे. रेजच्या हिटरांचे २०२५ मधील घरच्या मैदानावरचे आकडे म्हणूनच पुढे ओढू नयेत.

तुमची लीग कीपर असल्यामुळे आढाव्याचे दोन भाग करा, असे मी सुचवेन. पहिला कीपर जाहीर झाल्यावर, दुसरा ऑक्शननंतर. पहिल्या भागात किमतींचा फुगवटा मोजून द्या, तो सर्वांच्या उपयोगाचा असतो. बारा संघांचे मिळून ३,१२० डॉलर. समजा राखलेल्या खेळाडूंवर ९०० डॉलर खर्च झाले, पण त्यांचे खरे मूल्य १,४०० आहे. मग ऑक्शनमध्ये २,२२० डॉलर येणार आणि विकायला १,७२० डॉलरचा माल उरणार. भागाकार १.२९. म्हणजे ३० डॉलरचा खेळाडू ३९ च्या आसपास जाईल. हे ज्याला ठाऊक नसते तो पहिल्या तासात ‘फार महाग चालले आहे’ म्हणून हात बांधून बसतो आणि शेवटी उरलेल्या पैशांत खोगीरभरती करतो. कीपरचा फायदा कोणत्या संघाकडे किती आहे, तेही इथेच दिसते. मूळ मूल्याच्या हिशेबात ३५ डॉलरचा खेळाडू ३४ ला राखण्यात एका डॉलरचाच फायदा आहे. १८ चा खेळाडू ३ डॉलरला राखणारा मालक मात्र ऑक्शनमध्ये १५ डॉलर जास्त घेऊन बसलेला असतो.

सगळे आकडे जुळवल्यावरही एक घटक उरतो, तो म्हणजे मालक. मित्रांच्या लीगमध्ये यावर लिहिताना सौजन्य पाळावे, पण हा घटक टाळू नये. कोण मे महिन्यात पहिला दूरध्वनी करून अदलाबदल सुचवतो, कोण जायबंदी खेळाडू तीन आठवडे तसाच चालू संघात ठेवतो, कोण जुलैत मुलांना घेऊन भारतात येतो आणि महिनाभर संघाकडे पाहू शकत नाही, हे तुम्हाला ठाऊक असते. गेल्या दोन-तीन हंगामांत कोणी किती वेळा खेळाडू बदलले याची नोंद लीगच्या साइटवर असते, ती पाहा. माझ्या लीगमध्ये सतत वरच्या चौघांत येणाऱ्या तिघांचे ऑक्शन सामान्यच असते. ते एप्रिलपासून संघाची निगा राखतात आणि ऑगस्टमध्ये, बाकीचे थकलेले असताना, त्यांना दोन-तीन विभागांत गुण मिळत जातात. मी त्यांच्या अंदाजात तीन-चार गुण मिळवतो आणि तसे आढाव्यात लिहितो.

आता लेखनाबद्दल. बाराही संघांना सारखी जागा देण्याचा आग्रह सोडा. ज्या संघाबद्दल सांगण्यासारखे आहे त्यावर दोन परिच्छेद लिहा, ज्याचे चित्र स्पष्ट आहे त्यावर चार ओळी पुरतात. पहिला ते बारावा असा कोरडा क्रम देण्यापेक्षा गुणांचा पट्टा द्या. संघातील सर्वांत अनिश्चित तीन खेळाडू चांगले खेळले तर किती आणि वाईट खेळले तर किती, एवढे दोनदा मोजले की पट्टा मिळतो. एका काल्पनिक संघाचे टिपण मी कसे लिहीन ते पाहा:

“या संघाकडे रॉली, सोटो, डे ला क्रूझ आणि स्कीन्स आहेत, त्यामुळे पहिल्या चार नावांत याच्या तोडीचा संघ लीगमध्ये नाही. या चौघांवर २६० पैकी १५२ डॉलर गेले असून उरलेले एकोणीस खेळाडू १०८ डॉलरमध्ये घ्यावे लागले, म्हणजे सरासरी पावणेसहा डॉलरला एक. होम रन आणि धावांमध्ये पहिल्या तिघांत येईल. स्कीन्समुळे ईआरए आणि व्हिप मधल्या फळीच्या वर राहतील, मात्र इतर स्टार्टरांच्या (सामना सुरू करणाऱ्या पिचरांच्या) इनिंग कमी असल्यामुळे स्ट्राइकआउटमध्ये आठवा-नववा. सेव्हसाठी तिसऱ्या गटातील एकच क्लोजर आहे. स्टीलचा मुख्य भार डे ला क्रूझवर आहे. तो पन्नाशीकडे गेला तर या विभागात आठ गुण, गेल्या वर्षीसारखा सदतिसावर थांबला तर चार. अंदाज ६४ ते ८१. मे अखेरपर्यंत होम रनची शिल्लक देऊन एक भरवशाचा स्टार्टर मिळवला तर वरच्या टोकाकडे जाईल.”

या टिपणात नावे आहेत, पण प्रत्येक नावामागे एक विभाग आहे आणि प्रत्येक विभागामागे एक स्थान आहे. मालकाला ते वाचून काय करायचे ते कळते, आणि असहमत असेल तर नेमक्या कोणत्या आकड्याशी ते सांगता येते. आमच्याकडे ऑक्शन एका मित्राच्या तळघरात होते. सकाळी पोह्यांपासून सुरुवात होऊन दुपारी तीनपर्यंत चालते, आणि त्यानंतरच्या आठवड्यात अशा टिपणांवर जे वाद होतात ते ‘तुला माझा संघ आवडत नाही’ या पातळीवर न राहता ‘डे ला क्रूझचा आकडा तू कमी धरलास’ इथपर्यंत येतात. लीगचा दर्जा त्याने वाढलेला मी पाहिला आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पहिला चेंडू पडण्याआधी तक्त्याची एक प्रत गोठवून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये उघडा. प्रत्येक संघाच्या प्रत्येक विभागात अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक काढा. तो फरक कौशल्याच्या अंदाजामुळे पडला की खेळण्याच्या वेळेमुळे, हे वेगवेगळे लिहा. हंगामात मालकाने केलेल्या अदलाबदलींचा परिणाम तिसऱ्या रकान्यात ठेवा. मी गेली सात वर्षे हे करतो आहे. त्या सातही वर्षांत माझी सर्वांत मोठी चूक एकाच रकान्यात सापडली आहे: स्टार्टर पिचरांच्या इनिंग मी दर वेळी जास्त धरल्या. यंदा मी प्रत्येक संघाच्या स्टार्टरांच्या एकूण इनिंगमधून सुरुवातीलाच दहा टक्के वजा करणार आहे आणि ती जागा मोकळ्या पिचरांच्या सरासरीने भरणार आहे. तुमच्या तक्त्यातही तेवढे करून पाहा, आणि ऑक्शननंतरचा तक्ता तयार झाला की मला पाठवा.